तर : एका शब्दाची गोधडी

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं आपण शाळेपासून ऐकत आलोय. मी स्वतः इतिहास शिकवायची तेव्हा मुलांना हेच सांगायची. आणि गेल्या थंडीत मात्र दोन महिने एका 'तर'लाच घेऊन बसले होते. हातात सुई आणि समोर जुन्या कापडांचं बोचकं.

झालं असं की पेणमधल्या आम्ही काही बायका आठवड्यातून एकदा गोधड्या शिवायला जमतो. कुणी निवृत्त, कुणी घर सांभाळणाऱ्या, दोघी-तिघी तरुण मुली. थंडीत छोटं प्रदर्शन करायचं ठरलं. अट अशी, की प्रत्येकीने एक हात लांब, एक हात रुंद गोधडी करायची. ती अंगावर घ्यायची नाही, भिंतीवर लावायची. प्रत्येकीने एकच शब्द निवडायचा आणि सगळी गोधडी त्या शब्दाभोवती उभी करायची. मात्र तो शब्द कापडावर लिहायचा नाही. बघणाऱ्याला तो दिसला पाहिजे.

भराभर शब्द आले. पाऊस, माहेर, उंबरा, भाकरी. माझी पाळी आली तेव्हा गट चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "तुम्ही चांद घ्या ना. तुमचं काहीतरी वेगळं येऊ दे."

मनात काही वाईट ठेवून त्या बोलल्या नव्हत्या, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी हसले आणि "बघते" म्हटलं. पण घरी येताना रिक्षात तो 'तुमचं' शब्द काट्यासारखा रुतून राहिला. चांद माझा नाही असं कसं म्हणू? शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मान वर करून गच्चीवर उभं राहणाऱ्यांतलीच मी. पण चांद तेवढा माझा, आणि पाऊस, उंबरा, भाकरी दुसऱ्यांची, ही वाटणी कुणी केली? माझ्या दादीने आयुष्यभर गोधड्या शिवल्या. तिच्या एकाही गोधडीवर मला चांदतारा आठवत नाही. आठवतं ते तिचं फिकं लुगडं, दादाची चौकड्याची लुंगी आणि कधी पिठाच्या पोत्याचं धुऊन मऊ झालेलं कापड.

त्या रात्री मी शब्द ठरवला. तर.

आमचं मूळ घर धरमतरच्या खाडीकाठचं. कोकणात तर म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, आणि ती जिथून सुटते ती जागाही. दादी सांगायची, "धरमतर म्हणजे धरमाची तर. दाम न घेता पार करायची." गावाच्या नावाचा हा अर्थ मी तिच्या तोंडून ऐकला, कागदावरून नाही. पण मराठीत धर्मशाळा आहे, धर्मादाय आहे, तशीच ही धरमाची तर. आपल्याकडे सबील म्हणतात ती याच जातीची गोष्ट. आज सबील म्हटलं की मोहरममधल्या सरबताच्या मांडवाची आठवण होते, पण त्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ वाट असा आहे. तहानलेल्याला पाणी द्यावं, अडलेल्याला वाट द्यावी.

शब्दाच्या मागे लागले तशी ती आणखी उलगडत गेली. संस्कृतात 'तृ' म्हणजे पार जाणं. त्यातूनच तरणं, तारणं आणि तीर्थ हे शब्द आले. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पायी पार होण्याची जागा. फारसीत आणि उर्दूत 'तर' म्हणजे ओलं. तरबतर, तरोताजा हे शब्द आपण मराठीतही सर्रास वापरतो. आणि तिसरा 'तर' आपल्या रोजच्या बोलण्यातला, जर-तरमधला. एक अडलेलं वाक्य दुसऱ्या काठाला नेऊन सोडणारा. दोन अक्षरांत होडी, ओल आणि पुढचं पाऊल. मला आणखी काय हवं होतं?

आता थोडं या पाण्याबद्दल. सह्याद्रीत उगम पावून सुधागडातून अंबा नदी खाली येते. रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला वळसा घालते, मग पेण आणि अलिबाग या दोन तालुक्यांच्या मधून रुंदावत धरमतरच्या खाडीत मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. भरतीचं पाणी नदीत पार आतपर्यंत चढतं. काठाला तिवरांचं रान, खाजणं, बांध घालून समुद्राकडून मिळवलेली भातशेती आणि मिठागरं. या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. इथल्याच कुळांनी 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावात सभा घेऊन खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय केला आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तो संप 1939 पर्यंत चालवला. खाऱ्या पाण्याशी झुंजणारी माणसं चिवट असतात, एवढंच त्यावरून सांगायचं.

या एकाच अंबेवर पार होण्याच्या दोन जुन्या जागा आहेत. खाली धरमतरला तर. वर नागोठण्याला पूल. नागोठण्याचा तो कमानींचा दगडी पूल चौलचे काझी अलाउद्दीन यांनी 1580 च्या सुमारास बांधला, असं 1883 च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये नोंदलेलं आहे. अहमदनगरच्या निजामशाही फौजांना चौलकडे जाता यावं म्हणून तो बांधला गेला. त्याआधी दहा वर्षांपूर्वी मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता आणि तो फसला होता. म्हणजे पुलाचं निमित्त लढाईचं. पण लढाया संपल्या, निजामशाही संपली, चौलचं बंदर गाळाने भरलं, आणि पूल मात्र गुरं, बैलगाड्या, बाजाराला जाणाऱ्या बायका आणि शाळेची पोरं पार करत राहिला. मी तिथे गेले तेव्हा त्याच्या अरुंदपणाचं नवल वाटलं. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला थांबावंच लागणार. अशा पुलावर समोरच्याकडे बघितल्याशिवाय पार होता येत नाही.

तर हा संस्कृतातून आलेला शब्द, पूल हा फारसीतला. नदी एक, भाषा एक, मराठी. खाडीवर तर असे शब्द ढिगाने सापडतात. बंदर फारसी. नाखवा हा फारसी नाखुदाचा लेक. सुकाणूच्या मुळाशी अरबी सुक्कान. खलाशी हाही तिकडून आलेला. आणि त्याच नाखव्याच्या हाताखाली होडी, डोल, वल्हं हे आपले अस्सल शब्द काम करतात. एखादा कोळी नाखवा अरबी शब्द बोलतोय म्हणून बुजत नाही, आणि दादीचे वडील पडावावर खलाशी होते म्हणून त्यांनी वल्ह्याला दुसरं नाव शोधलं नाही.

आगबोटी आल्या तसं धरमतर मोठं झालं. मुंबईहून निघणारी बोट खाडीतून धरमतरला येई. तिथे उतरून पेण, नागोठणे, महाडकडचा रस्ता धरायचा. खुल्या समुद्रावरची कोकणची बोट पावसाळ्यात बंद होई, पण मुंबई बंदराच्या आतल्या या फेऱ्या भर पावसातही चालत. मुंबईच्या बाजूला उतरायचं ते भाऊच्या धक्क्यावर. तो बांधणाऱ्या लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य यांना लोक भाऊ रसूल म्हणत. एका हिंदू माणसाच्या टोपणनावात रसूल आहे आणि दीडशे वर्षांहून जास्त काळ आमच्या सगळ्या पिढ्या त्याच्या धक्क्यावर पाय ठेवत आल्या. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी शिकवणं सोडूनही वर्षं झाली होती. वर्गात सांगायला मिळायला हवी होती.

1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, मग रस्त्याची वर्दळ वाढली आणि बोटीचं महत्त्व ओसरलं. आज धरमतरला बार्ज येतात, कोळसा आणि खनिज घेऊन. वडखळहून अलिबागला जाणारा माणूस खाडीवरचा पूल एका मिनिटात ओलांडतो आणि खिडकीतून बाहेर बघतही नाही.

पण पार होण्याच्या या गोष्टीत एक न झालेली पारही आहे. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली रामदास बोट वादळात सापडली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडून बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलं होतं. त्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या काही घरांत गटारीची तयारी होती, तर काही घरांत दोन-तीन दिवसांवर आलेल्या रमजानची. दादी तेव्हा लहान होती. ती या बोटीबद्दल फार बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "पाणी नाव विचारून घेत नाय गो."

इतिहासात जर-तर नसतं ते इथे कळतं. जर ती बोट त्या दिवशी सुटली नसती तर, हे वाक्य किती घरांनी किती वर्षं मनात घोळवलं असेल. त्या वाक्याचा 'तर' कुठल्याच काठाला लागत नाही.

एवढं सगळं एक हात कापडावर कसं आणायचं?

पहिल्या खेपेला मी जी चूक केली ती बहुधा सगळेच करतात. जे जे माहीत होतं ते सगळं घातलं. मधोमध शिडाची होडी, मागे आगबोट आणि तिचा धूर, वर नागोठण्याच्या कमानी, कोपऱ्यात मिठागराचे चौकोन, आणि ताईंचा मान राखावा म्हणून एक छोटा मिनार. चार दिवस टाचण्या लावल्या आणि भिंतीवर लावून लांबून बघितलं. जत्रेत विकायला ठेवलेलं चित्र दिसत होतं. शब्द दिसत नव्हता. माझी भाची म्हणाली, "खाला, हे इतिहासाच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ झालंय." खरं होतं. मी गोधडी करत नव्हते, धडा शिकवत होते.

मग सगळं सोडवलं आणि जुन्या हातांकडे बघायला लागले. आपली गोधडी मुळात चित्र नाहीच. ती थरांची वस्तू आहे. खाली धड कापड, मध्ये जुनेर, वर जमलेले तुकडे, आणि सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा धावदोरा. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक लिहिलंय. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हल्याळ, येल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, हिंदू आहेत, आणि कवंदी सगळ्याच शिवतात. कुणी चंद्रकोर लावते, कुणी क्रूस, पण शिवण एकच. कडेपासून सुरुवात करून, तुकडे जोडत जोडत, फेऱ्या मारत आत यायचं आणि मध्यावर संपवायचं. चार कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांची फुलं लावायची. फुलांशिवाय कवंदी उघडी समजतात. आमच्या दादीचीही पद्धत कडेपासून आत येण्याचीच होती. "काठ आधी बांध, पोट आपोआप भरतं," म्हणायची. खारेपाटातल्या बाईच्या तोंडी हे वाक्य असणारच. तिथे शेत करायचं तरी आधी बांध घालावा लागतो.

ठिगळाची इज्जत आपल्याकडे दोन्ही बाजूंनी आहे. सूफींचा ठिगळांचा झगा म्हणजे खिरका, त्यालाच मुरक्का असंही म्हणत. अकराव्या शतकात हुजविरींनी 'कश्फुल महजूब'मध्ये ठिगळाच्या कपड्यांवर एक प्रकरणच लिहिलं. पुढे मुघल काळात चित्रं आणि सुलेखनाची पानं जोडून केलेल्या देखण्या संग्रहालाही मुरक्का हेच नाव मिळालं. फकिराचं ठिगळ आणि बादशहाचा चित्रसंग्रह, दोघांना एकच शब्द. इकडे गाडगेबाबा चिंध्यांचे कपडे घालून हिंडत म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. गोधडी भिंतीवर लावून चित्रासारखी बघायची, याची चर्चा जगात 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातल्या प्रदर्शनानंतर वाढली. तोवर ती बायकांची घरातली कामगिरी होती. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी तीच आहे.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा आधी कागद घेतला. 'तर' शब्दावरून जे जे सुचलं ते लिहून काढलं. बावीस गोष्टी झाल्या. मग एकेक खोडत गेले. होडी खोडली तेव्हा हात थबकला. होडीशिवाय तर कशी? पण तर म्हणजे होडी नव्हे. तर म्हणजे दोन काठ आणि मधलं पार करणं. होडी दाखवली की बघणारा होडीच बघतो. शेवटी कागदावर तीनच गोष्टी उरल्या. हा काठ, तो काठ, मधलं पाणी.

खालचा काठ दादीच्या लुगड्याचा. काळपट जांभळा, धुऊन धुऊन मातकट झालेला. वरचा काठ आईच्या ओढणीचा, भाताच्या रोपांसारखा पोपटी. मधलं पाणी दादाच्या लुंगीचं, पण उलट्या बाजूने. सुलट बाजूवरचे चौकडे डोळ्यांत भरतात, उलट्या बाजूला ते पाण्याखालच्या जाळ्यासारखे पुसट दिसतात. कापडं आधी धुऊन घेतली, नाहीतर नवं-जुनं कमीजास्त आटतं आणि शिवण ओढली जाते. आखायला साबणाची चिपटी. जोड पाव इंचाचा. तुकडे मांडून झाले की मी डोळे अर्धे मिटून बघायची. रंग विसरला जातो आणि फक्त उजेड-अंधार उरतो. त्यात दोन्ही काठ वेगळे उठून दिसले पाहिजेत. भाचीने मोबाईलवर काळापांढरा फोटो काढून तेच दाखवलं, माझ्या डोळ्यांपेक्षा चांगलं.

मग धावदोरा. काठावरून सुरुवात करून दादीसारखी आत आले. पाण्याच्या पट्ट्यात मात्र टाक्यांची दिशा बदलली. तिथे सगळ्या ओळी एका काठावरून दुसऱ्या काठाला जातात. खालून वर, पांढऱ्या दोऱ्याच्या चोवीस ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे एक खेप. माझ्या हाताचे टाके दादीइतके सारखे नाहीत. ओळी जरा नागमोडी झाल्या, पण पाण्यातून कोण सरळ रेषेत जातं?

सतराव्या ओळीत मी अर्ध्यावर दोरा तोडला. उरलेल्या अर्ध्या पाण्यात त्या ओळीला टाके नाहीत. रामदाससाठी. हे कुणाला सांगायचं नव्हतं, इथे पहिल्यांदाच लिहितेय.

कोपऱ्यांना चार घडीची फुलं लावली, सिद्दी बायकांची आठवण म्हणून. त्यांची परवानगी घ्यायला मी गेले नव्हते, तेव्हा निदान नाव तरी घ्यायला हवं. चांद नाही, मिनार नाही, कमान नाही. एक मोह शेवटपर्यंत होता. त आणि र ही दोन अक्षरं दोरीवर टांगल्यासारखी एका शिरोरेषेने जोडलेली असतात, दोन खांबांवरच्या पुलासारखी. ती रेषा तरी घालावी असं वाटत होतं. पण शब्द लिहायचा नाही ही अट होती आणि ती अट शहाणपणाची होती.

प्रदर्शन एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. प्रत्येक गोधडीखाली छापलेलं कार्ड. कार्डावर करणारीचं नाव, शब्द आणि खाली 'परंपरा'. बाकीच्यांच्या कार्डांवर परंपरेपुढे 'कोकणी गोधडी' असं होतं. माझ्या कार्डावर 'मुस्लिम गोधडी' असं होतं.

मी पर्समधून पेन काढला. आधी वाटलं, भांडावं. मग वाटलं, सोडून द्यावं. शेवटी छापलेल्या शब्दावर एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, धरमतर. ताई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी रेघ बघितली, मग गोधडी बघितली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर हळूच विचारलं, "ती एक ओळ अर्धीच का?"

मी सांगितलं. त्यांचं माहेर अलिबागकडचं. त्यांच्या आजीचा भाऊ त्या बोटीत होता.

त्या दिवशी आम्ही दोघी हॉल बंद होईपर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो. कार्डाचा विषय पुन्हा निघाला नाही. निघायची गरज उरली नव्हती असं मी म्हणणार नाही. असे शब्द नुसत्या दुखण्याने बदलत नाहीत, सांगूनच बदलावे लागतात, आणि पुढच्या वर्षी मी कार्डं छापायच्या आधीच सांगणार आहे. पण सांगायला मधे पाणी कमी असेल.

तुमच्याही घरात जुन्या कापडाचं बोचकं असेल. ते टाकायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळ बसवा आणि विचारा, हे कुणाचं, ते कुठून आलं. त्यांच्या तोंडून एखादा असा शब्द पडेल जो कुठल्या पुस्तकात नसेल. तो लिहून ठेवा. गोधडी नंतर करता येते.